बेटाबेटांचा हंगाम



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांच्या नोंदवह्या होत्या, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कोणत्या वाड्याने कोणत्या वाड्याला हरवले, गोल कोणी केले, पाऊस आल्यामुळे कोणता सामना पुढे ढकलला, हे सारे त्यांत असे. वर्तमानपत्रांत यातले फार थोडे छापून आले. त्यांच्या नावाने बोलायचे, तर जगज्जेत्यांविषयी बोलण्यापेक्षा अशाच वह्यांत मावणाऱ्या फुटबॉलविषयी बोलावे, असे मला वाटले. म्हणून आज मी केप व्हर्डे या द्वीपराष्ट्रातल्या स्थानिक हंगामाविषयी बोलणार आहे.

या देशाचे नाव गेल्या वर्षी जगभर पोहोचले. 13 ऑक्टोबर 2025 रोजी राजधानी प्राइयात त्यांनी एस्वातिनीला 3-0 असे हरवले आणि 2026 च्या विश्वचषकात जागा मिळवली. अटलांटिक महासागरात, सेनेगलच्या किनाऱ्यापासून साडेपाचशेहून अधिक किलोमीटर अंतरावर दहा बेटे. त्यांतले सांता लुझिया निर्मनुष्य, उरलेल्या नऊ बेटांवर सुमारे 5 लाख माणसे. सारा देश आपल्या गोव्याशेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून क्षेत्रफळानेही लहान आहे आणि लोकसंख्येनेही. त्या रात्रीनंतर जगभरच्या लेखांत एकच प्रश्न होता : एवढ्याशा देशाला हे जमले कसे? उत्तरे बहुतेक युरोपात शोधली गेली आणि त्यांत तथ्यही आहे. त्याकडे मी येईनच. पण मला आधी पाहायची आहेत ती त्या बेटांवरची शनिवार-रविवारची मैदाने.

आपल्याकडे देशाची लीग म्हटली की वर्षभर एकमेकांच्या शहरांत जाऊन खेळणारे बारा-चौदा संघ डोळ्यांपुढे येतात. केप व्हर्डेत असे होत नाही. तिथे आधी प्रत्येक बेटाचा आपापला हंगाम असतो. साल, बोआ व्हिस्ता, माईओ, फोगो, ब्राव्हा, साओ निकोलाऊ, साओ व्हिसेंते या सात बेटांची एकेक लीग. सांतियागो आणि सांतो अंताव ही बेटे मोठी आणि डोंगराळ, म्हणून तिथे उत्तर आणि दक्षिण अशा दोन-दोन. एकूण अकरा विभाग, अकरा असोसिएशन, अकरा विजेते. पावसाळा ओसरला की शरदात खेळ सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. मग हे अकरा विजेते आणि आधीच्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता असे बारा संघ एकत्र येतात. गेल्या दशकात रुळलेल्या पद्धतीप्रमाणे चार-चार संघांचे तीन गट पडतात, मग उपांत्य फेरी, मग अंतिम सामना. देशव्यापी स्पर्धा दोन-अडीच महिन्यांत आटोपते. वर्षाचा बाकी सारा फुटबॉल बेटावरचाच.

आणि बेटावरही एकच स्पर्धा नसते. हंगाम उघडताना एक छोटी स्पर्धा, मग लीग, लीगच्या जोडीने बेटाचा कप, शेवटी लीगविजेता आणि कपविजेता यांच्यातला सुपर कप. लहान बेटावर संघ असतात सात-आठ. म्हणजे तेच संघ, तेच खेळाडू एका वर्षात एकमेकांसमोर चार-पाच वेळा उभे राहतात. ज्या बचावपटूने नोव्हेंबरात तुम्हाला रोखले, तोच तुम्हाला जानेवारीत भेटतो, मार्चात भेटतो आणि मधल्या काळात बाजारात रोज भेटतो. बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणे वाटेल. मला वाटते, खेळाला धार इथेच चढते. अनोळखी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एखादी युक्ती एकदा चालून जाते. ज्याला तुमचा डावा पाय लहानपणापासून माहीत आहे, त्याच्यापुढे दर वेळी काहीतरी नवे शोधावे लागते.

आता मैदानांविषयी. मिंडेलो हे साओ व्हिसेंते बेटावरचे शहर. तिथल्या लीगचे सामने आदेरितो सेना या एकाच मैदानावर होतात. प्राइयाचे मोठे क्लब पिढ्यान् पिढ्या वार्झिया या मैदानावर खेळत आले. बोआ व्हिस्तावर साल रेई गावातले मैदान, ब्राव्हावर नोव्हा सिंत्रातले. यजमान संघ आणि पाहुणा संघ हा भेद उरतो तो फक्त वेळापत्रकात, कारण दोन्ही संघांची घरे त्याच गावात आणि प्रेक्षक त्याच गल्ल्यांतले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वातावरण वेगळे समजावून सांगायला नको. पेठ बदलते, मैदान तेच राहते आणि चुरस त्यामुळे वाढते.

ही मैदाने फार काळ उघड्या मातीची होती. त्याला कारण पाणी. साओ व्हिसेंतेवर पाऊस इतका तुटपुंजा की पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते, सालवरही तेच. जिथे माणसांना पाणी मोजून मिळते, तिथे मैदानावर हिरवळ कुठून राखणार? हिवाळ्यात सहाराची धूळ वाऱ्याबरोबर येते आणि आकाश पिवळट होते. त्यात ईशान्येचा वारा सतत वाहत असतो. अशा वाऱ्यात उंच चेंडू मारून भागत नाही, तो जमिनीलगत ठेवावा लागतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक बेटांवर कृत्रिम हिरवळ आली. गुडघे फुटायचे कमी झाले, चेंडूची उसळी भरवशाची झाली. विकासाच्या गोष्टींत मोठे आकडे सांगितले जातात, पण खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या एका बदलाएवढे मोठे काही घडलेले नाही.

फुटबॉल आला मिंडेलोच्या बंदरातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे ब्रिटिश कंपन्यांनी कोळशाची कोठारे उभारली. दक्षिण अमेरिकेकडे आणि आफ्रिकेच्या टोकाकडे जाणाऱ्या वाफेच्या बोटी पोर्तो ग्रांदे या खोल, सुरक्षित बंदरात कोळसा भरून घेत. पुढे समुद्राखालच्या तारायंत्राचे ठाणेही तिथे झाले. या इंग्रज कारकुनांनी आणि खलाशांनी क्रिकेट आणले, गोल्फ आणला आणि फुटबॉलही आणला. क्रिकेट काही पिढ्या टिकले आणि विरले, फुटबॉल गल्लीत उतरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच मिंडेलेन्स, कास्तिल्यो, डर्बी हे क्लब उभे राहिले. त्यांतल्या मिंडेलेन्सने देशात सर्वाधिक विजेतेपदे मिळवली आहेत. प्राइयात स्पोर्टिंग, त्रावादोरिस, बोआव्हिस्ता आले. क्लबांची नावे वाचताना वसाहतीचा इतिहास उलगडत जातो : स्पोर्टिंग, बेन्फिका, अकादेमिका ही पोर्तुगालची नावे बेटाबेटांवर सापडतात, फोगोवर तर ब्राझीलचा बोटाफोगोही आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मात्र बातूकसारखी, म्हणजे सांतियागोच्या बायकांच्या ताल-गाण्यावरून घेतलेली, नावेही आली.

गोव्यात हे सांगताना मला एका जुन्या नात्याची आठवण करून द्यायची आहे. एप्रिल 1961 मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्यसंघटनांची परिषद भरली. अंगोला, मोझांबिक, गिनी आणि केप व्हर्डे यांच्या प्रतिनिधींबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही तिथे होते. त्यातून उभ्या राहिलेल्या आघाडीच्या कामात बार्देशचे आक्विनो द ब्रागांझा यांचा वाटा मोठा होता. गिनी आणि केप व्हर्डेचा नेता होता आमिल्कार काब्राल. त्याचे माध्यमिक शिक्षण मिंडेलोत झाले, पुढे तो लिस्बनला शेतीशास्त्र शिकला. फुटबॉलचा त्याला नाद होता. 1954 मध्ये बिसाऊत त्याने एक क्रीडा मंडळ काढायचा प्रयत्न केला. शासनदरबारी ज्यांना नागरिक मानले जात नव्हते, त्या आफ्रिकी माणसांनाही त्यात प्रवेश देण्याचा त्याचा विचार होता. वसाहतीच्या सरकारने परवानगी नाकारली. अकरा माणसे संध्याकाळी एकत्र येऊन खेळली, तर पुढे ती काय बोलतील, याची धास्ती त्या सरकारला वाटली, आणि ती धास्ती खरी होती. गोवा डिसेंबर 1961 मध्ये मुक्त झाला. काब्रालची जानेवारी 1973 मध्ये कोनाक्रीत हत्या झाली. केप व्हर्डे 5 जुलै 1975 रोजी स्वतंत्र झाला. फोगोवर साओ फिलिपे इथल्या मैदानाचे नाव आजही ‘5 जुलै’ असेच आहे.

आता राष्ट्रीय स्पर्धेकडे येतो. इथे समुद्र आडवा येतो. ब्राव्हाचे उदाहरण घ्या. वस्ती सुमारे 6 हजार, साऱ्या वसलेल्या बेटांत लहान. विमानतळ नाही, पूर्वी एक होता, वाऱ्यामुळे तो बंद करावा लागला. ब्राव्हाचा विजेता संघ सालला सामन्यासाठी निघाला की आधी बोटीने फोगोला किंवा थेट प्राइयाला, तिथून विमानाने पुढे. बोट समुद्र खवळलेला नसेल तर सुटते. विमानात जागा मिळतील तेव्हा मिळतात. संघातला कोणी शिक्षक असतो, कोणी मच्छीमार, कोणी नगरपालिकेत कामाला. नव्वद मिनिटांच्या सामन्यासाठी तीन-चार दिवसांची रजा लागते. सांतो अंतावलाही विमानतळ राहिलेला नाही. पण मिंडेलोची बोट तासाभराची आहे, म्हणून त्यांचे हाल कमी. आणि हा प्रवास केवळ गैरसोयीचा आहे असेही नाही. जानेवारी 2015 मध्ये ‘व्हिसेंते’ नावाची प्रवासी बोट फोगोजवळ बुडाली, माणसे गेली. तिथल्या लोकांच्या मनात बेटांमधला प्रवास म्हटले की ही गोष्टही असते.

म्हणून अकरा लीगची ही रचना कोणी परंपरेच्या प्रेमापोटी टिकवलेली नाही. साऱ्या देशाची एकच लीग वर्षभर चालवायची, तर बहुतेक क्लबांचा सारा पैसा तिकिटांत संपेल. आफ्रिकेच्या क्लब स्पर्धांत केप व्हर्डेचे विजेते फार क्वचित उतरले, त्याचेही मुख्य कारण प्रवासखर्च. गरजेतून आलेली रचना आहे ही. पण गरजेतून आलेल्या गोष्टीतही काही चांगले रुजते, आणि ते ओळखून जपावे लागते. विजेतेपदांच्या यादीत मिंडेलो आणि प्राइया यांचाच वरचष्मा आहे. लोकसंख्या तिथे, पैसा तिथे. तरी 1980 मध्ये फोगोचा बोटाफोगो जिंकला, 2003 मध्ये सालचा अकादेमिको दो एरोपोर्तो जिंकला आणि 2018 मध्ये पोर्तो नोव्होच्या अकादेमिकाने सांतो अंतावला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. पोर्तो नोव्होच्या धक्क्यावरून समोर मिंडेलो दिसते. नोकरीसाठी, दवाखान्यासाठी पिढ्यान् पिढ्या ज्या शहराकडे बोटीने जावे लागले, त्या शहराच्या क्लबांना मागे टाकून देशाचा चषक आपल्या धक्क्यावर उतरवणे म्हणजे काय, हे मी शब्दांत किती सांगणार?

या रचनेवर टीका करणारे थोडे नाहीत, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. लहान बेटावरच्या चांगल्या खेळाडूला वर्षात कसदार सामने मिळतातच किती? सात संघांच्या लीगमध्ये दोन संघ जोरदार असले, तर बाकीचे सामने एकतर्फी होतात. क्लब हौशी आहेत, प्रशिक्षक दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतात. अठरा-एकोणीस वर्षांचा गुणी मुलगा मिंडेलो किंवा प्राइयाला जातो, तिथून पोर्तुगालला. त्याच्या बेटाच्या लीगला तो पुन्हा दिसत नाही. हे सारे खरे आहे. यावर एक व्यावसायिक लीग काढावी, सगळा पैसा चार मोठ्या क्लबांत घालावा, हा उपाय सुचवला जातो. त्याला माझा विरोध आहे. त्याने चार क्लब सुधारतील, आणि माईओ, ब्राव्हा, साओ निकोलाऊ इथल्या मुलांना रविवारी दूरचित्रवाणीसमोर बसण्यापलीकडे काही उरणार नाही. आपण गोव्यात हे अनुभवतो आहोत. टीव्हीवरची लीग झगमगू लागली आणि तिच्याच काळात आपले नामांकित जुने क्लब एकामागून एक वरच्या स्पर्धांतून बाहेर पडले. फुटबॉल कुठे किती रुजला आहे हे पाहायचे असेल, तर मी आधी विचारीन : चषकाला महत्त्व असलेला, हरल्यावर रात्री झोप लागू नये असा सामना, आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर किती मुलांना खेळता येतो?

राष्ट्रीय संघाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. विश्वचषकाची पात्रता मिळवणारा संघ केवळ या बेटांच्या लीगमधून घडलेला नाही. 1940 च्या दशकातल्या दुष्काळांत या बेटांवर हजारो माणसे भुकेने मेली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही माणसे बाहेर पडत राहिली : ब्राव्हाचे खलाशी देवमासे मारणाऱ्या जहाजांवरून न्यू बेडफर्डला, मजूर साओ तोमेच्या मळ्यांत, पुढच्या पिढ्या लिस्बन, रॉटरडॅम, पॅरिस, डाकार इथे. आज देशात राहणाऱ्यांपेक्षा देशाबाहेर असलेले केप व्हर्डेवासी अधिक आहेत. एस्वातिनीविरुद्ध पहिला गोल करणारा डायलन लिव्रामेंतो रॉटरडॅममध्ये जन्मला, दुसरा गोल करणारा विली सेमेदो फ्रान्समध्ये. बचावपटू रॉबर्टो लोपेस डब्लिनचा. वडील केप व्हर्डेचे. तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वास यांनी त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये संदेश पाठवला, त्याला तो फसवा वाटला आणि कित्येक महिने त्याने उत्तर दिले नाही. दुसरा संदेश इंग्रजीत आला, तेव्हा कुठे खरे काय ते कळले. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. 2010 च्या विश्वचषकात स्पेनला हरवणारा स्वित्झर्लंडचा एकमेव गोल गेल्सन फर्नांडिसचा होता, आणि त्याचा जन्म प्राइयाचा.

पण एस्वातिनीविरुद्धच्या त्या संध्याकाळी गोलात उभा असलेला व्होझिन्या, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मिंडेलोचा होता. बातूक आणि मिंडेलेन्स या क्लबांतून खेळून मग बाहेर गेलेला. भरपाईच्या वेळेत तिसरा गोल करणारा सदतीस वर्षांचा स्तोपिरा प्राइयात जन्मलेला आणि तिथल्या स्पोर्टिंगचा. प्रशिक्षक बुबिस्ता, कागदोपत्री पेद्रू लैताव ब्रितू, देशाच्या संघाचा जुना बचावपटू आणि पुढे बेटांवरच्या क्लबांचा प्रशिक्षक. 2013 मध्ये केप व्हर्डे पहिल्यांदा आफ्रिका चषकात उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, तेव्हाचे प्रशिक्षक लुसिओ आंतुनेस विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी करणारे होते. परदेशात वाढलेल्या मुलांनी संघाला वेग दिला, व्यावसायिक शिस्त दिली. आपण कोणासाठी खेळतो हे त्यांना सांगणारी माणसे मात्र या मैदानांवर वाढलेली होती. दोन्ही बाजू एकत्र आल्या म्हणून 9 सप्टेंबर 2025 रोजी प्राइयात कॅमेरूनला 1-0 असे हरवता आले.

2013 चीच आणखी एक आठवण आहे, दुखरी. त्या वर्षी 7 सप्टेंबरला केप व्हर्डेने ट्युनिशियाला त्यांच्याच मैदानावर 2-0 असे हरवले आणि 2014 च्या विश्वचषकाच्या अखेरच्या पात्रता फेरीत धडक मारली. काही दिवसांतच निकाल उलटला. फर्नांडो व्हारेला या बचावपटूवर आधीच्या सामन्यातल्या लाल कार्डामुळे चार सामन्यांची बंदी होती. तो आधीचा सामना प्रतिस्पर्ध्यांच्या चुकीमुळे फिफाने केप व्हर्डेच्या नावे केला होता. त्याबरोबर बंदीही उठली, असे संघटनेने गृहीत धरले. ती उठली नव्हती. सामना 0-3 असा गमावल्याचे जाहीर झाले. मैदानावर कमावलेले कार्यालयात गेले. तिथून पुन्हा त्या दारापर्यंत यायला बारा वर्षे लागली. खेळ चालवण्यात कागद सांभाळणाऱ्या माणसाची किंमत किती असते, हे यातून कळते. आमच्या सरांच्या वह्यांना मी इतके मोल देतो त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटी पैशांविषयी. डिसेंबर 2025 मध्ये फिफाने जाहीर केले की, 2026 च्या विश्वचषकातल्या प्रत्येक संघाला किमान 1 कोटी 5 लाख डॉलर मिळतील. केप व्हर्डेच्या फुटबॉल संघटनेसाठी ही रक्कम प्रचंड आहे. प्राइयाजवळ 15 हजार प्रेक्षकांचे राष्ट्रीय स्टेडियम 2014 पासून उभे आहे, नवे बांधायची गरज नाही. राष्ट्रीय संघाच्या तयारीला काही भाग लागेल, तो लागावाच. उरलेल्यातून मी तीन गोष्टी मागेन. अकराही विभागांत कुमार गटाच्या पूर्ण हंगामाच्या लीग. प्रत्येक मैदानावर प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस. आणि बेटांमधल्या प्रवासाचा कायमचा निधी, जो क्लबांकडे खर्चाचा हिशेब मागेल पण तिकिटासाठी हात पसरायला लावणार नाही. त्या निधीचा पहिला धनादेश ब्राव्हाच्या संघाच्या बोटीसाठी फाडला जावा.